रानझुंजाराची उणीव

जळगावात मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. एक माणसांची आणि एक कागदांची, असं माय म्हणायची. नाना, म्हणजे माझे वडील, गावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. लाकडी खणांतून शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, उलट्या ओळीत बसवायचं, पान बांधायचं, हे त्यांचं काम. मालकाच्या लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं उरकली, की त्याच यंत्रावर चळवळीची पत्रकं निघायची. पाणवठ्याचं पत्रक, मजुरीचं पत्रक, जयंतीचं पत्रक, कुठल्याशा गावात आमच्या नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं त्याच्या निषेधाचं पत्रक. छापण्याआधी नाना कच्चा कागद घरी आणायचे आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं ‘वाचायला’ बसायचो. वाचायला बसणं म्हणजे एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत चुका टिपायच्या. मोठ्याने म्हणजे सगळंच मोठ्याने. ‘बांधवांनो उद्गारचिन्ह किती दिवस सोसणार प्रश्नचिन्ह नवा परिच्छेद.’ शेजारच्या सुमनअक्का अंगणातून ओरडायच्या, “नाना, पोर तुमची भाषण करते का शिव्या देते, काही उमजतच नाही बा!” आणि नाना पेन्सिल न थांबवता हसायचे. त्यांचा एकच दंडक होता. वाचणाऱ्याने मध्ये थांबायचं नाही आणि मत द्यायचं नाही. मत असेल तर ते शेवटच्या पूर्णविरामानंतर. मी तिसरीत असल्यापासून नानांसाठी वाचत होते, त्यामुळे ‘शोषण’ हा शब्द मला ‘सहल’च्या आधी लिहिता येऊ लागला.

माय डाळीच्या गिरणीत डाळ निवडायला जायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या पदराला, केसांना, पापण्यांनासुद्धा तुरीच्या फोलाची पिवळी भुकटी असायची. हातपाय धुऊन ती चुलीपुढे बसली की घरात आवाज सुरू व्हायचे. भाकरी थापण्याचा, आणि बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरच्या, लसूण आणि भाजलेली वांगी ठेचण्याचा. हिवाळ्यात आमच्याकडे आठवड्यातून तीनदा भरीत व्हायचं आणि त्याबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्च्या तेलाची धार. माय मूळची धुळ्याकडची. तिने शेवटपर्यंत अहिराणी सोडली नाही आणि नानांनी शेवटपर्यंत तिला पत्रकातली भाषा शिकवायचा प्रयत्न सोडला नाही. मी दोघांमध्ये वाढले. पोट मायच्या भाषेत भरायचं आणि भांडण नानांच्या भाषेत करायचं. कॉलेजात गेले तोवर माझी ख्याती अशी झाली होती की वर्गात प्राध्यापकांनी ‘परंपरा’ म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटायचं, “निघालं पत्रक!”

त्या मागच्या बाकावर शिरीष बसायचा. डॉक्टरांचा मुलगा, गोरा, चष्मा, स्वभावाने खरंच चांगला. हे मी आजही लिहिते, कारण या हकिकतीत कुणी दुष्ट असता तर मला ती लिहायला इतकी वर्षं लागली नसती. त्याच्या मामाने अमेरिकेहून त्याला एक खोका आणला होता. आत दोन इंग्रजी पुस्तकं, आलेखाचे कागद आणि चित्रविचित्र फासे. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, एक तर वीस बाजूंचा. हा खेळ पटावर नव्हता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी तलवारबाज, कुणी मांत्रिक. ‘मी दार उघडतो’ म्हटलं की फासा टाकायचा आणि दार उघडलं की नाही ते फासा सांगणार. शिरीषच्या घराच्या गच्चीवर आम्ही खेळायला लागलो. शिरीष, रावेरचा किरण, मी आणि खुमान. किरणच्या घरची केळी होती. दर सोमवारी तो पिशवीभर केळी घेऊन यायचा आणि खेळात कुणीही काहीही केलं तरी “काय भो, जमलं ना!” म्हणायचा. मला तो खेळ वेडासारखा आवडला. पत्रकात जग कसं असू नये ते लिहिलेलं असायचं. इथे गच्चीवर बसून आपण एक अख्खं जग नव्याने मांडायचं होतं, आणि त्याचे नियम लिहिणारे आपणच.

पण त्या इंग्रजी पुस्तकातलं जग आमच्या कुणाच्या ओळखीचं नव्हतं. बर्फ, राजपुत्र आणि दारू पिणारे बुटके. मीच म्हटलं की आपला खेळ आपण करू. सातपुडा घेऊ, तापी घेऊ, लळिंगसारखा एखादा किल्ला घेऊ. शिरीषने ते लगेच उचललं. धुळ्याला आंतरमहाविद्यालयीन महोत्सव होता, त्यात ‘नवनिर्मिती’ नावाची एक स्पर्धा होती. तिथे मांडायचं ठरलं. पहिलं भांडण पहिल्याच दिवशी झालं. इंग्रजीत खेळाडूच्या प्रकाराला जो शब्द आहे त्याला मराठीत काय म्हणायचं? शिरीष सहज म्हणाला, “जात म्हणू. एकदा घेतली की बदलता येत नाही, आणि काय जमणार काय नाही ते तिच्यावरच ठरतं.” मी उठून उभी राहिले. पाऊण तास बोलले. शेवटी किरणने माझ्या हातात केळ दिलं आणि ‘पेशा’ हा शब्द ठरला. खाली उतरताना शिरीष हसत म्हणाला, “विशाखा, बरोबर होतं तुझं. पण प्रत्येक ठिकाणी पत्रक आणलंच पाहिजे का गं?” त्याला ते लागावं असं वाटत नव्हतं. मला मात्र ते लागलं, आणि चुकीच्या जागी लागलं.

खुमान आदिवासी, पावरा समाजातला. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या कुशीत त्याचा पाडा. जळगावात तो सरकारी वसतिगृहात राहायचा आणि रसायनशास्त्र शिकायचा. त्याच्या घरात शाळेत गेलेला तो पहिला. वसतिगृहातलं जेवण खाण्यासारखं नसायचं, म्हणून रविवारी तो आमच्याकडे यायचा आणि माय त्याच्या ताटात भाकरी टाकतच राहायची. “ले ना, आखो ले. बठ्ठं तुन्हंच शे.” तो मान खाली घालून सगळं खायचा आणि मग मायबरोबर अंगणात बसून डाळ पाखडून द्यायचा. आम्ही चार पेशे लिहायला वाटून घेतले तेव्हा रानात लढणाऱ्याचा पेशा माझ्याकडे आला. इंग्रजी पुस्तकात तसा एक होता. राजाच्या जंगलाची राखण करणारा, उंच, हिरव्या झग्यातला. मी म्हटलं, माझा राजाचा नोकर असणार नाही. तो रानाचाच असेल. नाव ठेवलं ‘रानझुंजार’. आणि रानातलं मला एक झाड धड ओळखता येत नव्हतं.

ते मला खुमानने दिलं. तलावाच्या काठाने आम्ही चालायचो आणि तो दाखवत जायचा. पावलाचा ठसा ताजा की जुना, ते त्याच्या कडेच्या मातीवरून कळतं. कड ढासळलेली असेल तर एक ऊन खाऊन गेलेली. पाखरं ओरडतात तेव्हा घाबरायचं नाही, एकदम गप्प होतात तेव्हा थांबायचं. कोरड्या नाल्यात पाणी शोधायचं तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे वाळू सकाळी उशिरापर्यंत थंड राहते तिथे हाताने झिरा उकरायचा. “माझा बाप उकरतो तिथं पाणी लागतंच. मी दहादा उकरलं तर सहादा,” तो म्हणाला. मी लगेच वहीत लिहिलं: झिरा शोधणे, वीसपैकी आठच्या वर. तो वहीत डोकावून हसला. “बापाचा आकडा लिही ना. माझा कशाला लिहितेस?” मग मी आठ खोडून दोन केले. असे अकरा नियम झाले. प्रत्येकामागे त्याच्या घरचं कुणीतरी होतं. पाखरांचा नियम आजीचा, झिऱ्याचा बापाचा, खूण न ठेवता चालण्याचा एका चुलत्याचा, जो म्हणे वनखात्याच्या लोकांना बारा वर्षं दिसलाच नव्हता.

वीस बाजूंचा फासा एकदा गच्चीवरून घरंगळून गटारात गेला, तेव्हा नानांनी उपाय काढला. छापखान्यातले झिजलेले आकड्यांचे खिळे, एकपासून वीसपर्यंत, एका डबीत घालून दिले. हात घालून एक काढायचा, झालं. खेळताना रानझुंजार खुमान व्हायचा, आणि दोन आठवडे तो हरेचना. दर वेळी अठरा नाही तर वीस. किरण म्हणाला, “काय भो, देव प्रसन्न झाला का काय तुला?” मग कळलं की खुमान डबीत बोटाने चाचपून उलटा आकडा वाचत होता. आम्ही पोट धरून हसलो. नानांना सांगितलं तर ते हसले नाहीत, चकित झाले. “बोटाने वाचायला मला चार वर्षं लागली रे,” म्हणाले, “तू येतोस का आमच्या खात्यात?” त्यानंतर आम्ही कागदी चिठ्ठ्या केल्या.

उणीव राहिली होती. शिरीषचा नियम होता, आणि नियम म्हणून चांगला होता, की प्रत्येक पेशाला शक्तीच्या मानाने एक उणीव पाहिजे, तरच खेळाला तोल येतो. तलवारबाजाला आवाज न करता चालता येत नाही. मांत्रिकाला चिलखत घालता येत नाही. वैदूला जीव घेता येत नाही. माझ्या रानझुंजाराला अकरा शक्ती होत्या आणि उणीव एकही नव्हती. नियमांची पुस्तिका नाना छापून देणार होते, तिची पानं छापखान्यात द्यायचा आठवडा आला. खुमान गावी गेला होता, त्यांच्याकडे इंदल होता. नवस फेडायचा, ढोल वाजवून पुजायचा मोठा सण. गच्चीवर आम्ही तिघंच. शिरीष म्हणाला, “हा एकटाच सगळं जिंकणार. बाकीच्यांनी काय करायचं, याला भाकऱ्या बांधून द्यायच्या?” मी म्हटलं, घोड्यावर बसता येत नाही असं करू. किरण म्हणाला, “सातपुड्यात घोडा आणतो कोण भो?” मी म्हटलं, गावात आला की गोंधळतो. शिरीष म्हणाला, आपल्या गोष्टीत गावच नाही. मग तो दातातली पेन्सिल काढून म्हणाला, “वाचता येत नाही असं कर. किती सोपं आहे बघ. गोष्टीत ताम्रपट आहेत, खलिते आहेत, शिलालेख आहेत. ते वाचायला त्याला बाकीच्यांची गरज लागेल. तोल आपोआप येतो.”

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मला नीट आठवतं, आणि ते आठवतं म्हणूनच मी हे प्रकरण लिहिते आहे. मला खटकलं. लगेच खटकलं. जिभेवर सगळं तयार होतं. आणि त्याच वेळी शिरीषच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू यायला सुरुवात झालेली मला दिसली. आता निघणार पत्रक. मला एकदा, फक्त एकदा, पत्रकाशिवायची मुलगी व्हायचं होतं. खेळाला खेळ समजणारी, हलकी, समजूतदार. मी म्हटलं, “चालेल. तोल तर यायलाच हवा.” आणि वही पुढे ओढून माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: रानझुंजाराला लिहिता-वाचता येत नाही. सापडलेला मजकूर त्याने सोबत्याच्या हवाली करावा. वाक्य आटोपशीर झालं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. ज्या घरात अक्षरासाठी माझ्या आजोबांनी शाळेच्या व्हरांड्याबाहेर उन्हात बसून मार खाल्ला होता, त्या घरातल्या मुलीने हे लिहिलं. कुणी लादलं नाही, कुणी धमकावलं नाही. चार माणसांत बरं दिसावं एवढ्यासाठी लिहिलं. पुढे मी किती सभांमध्ये किती लोकांना ‘गद्दार’ म्हटलं असेल त्याची गणती नाही. त्यातल्या प्रत्येक वेळी ही वही माझ्या डोळ्यांपुढे होती, आणि तरी मी म्हटलंच.

पुढच्या रविवारी नाना पुस्तिकेची कच्ची पानं आणि माझी वही घरी घेऊन आले. आदल्या दोन दिवसांत मी कचेरीवरच्या मोर्चात घोषणा देऊन घसा बसवून घेतला होता. मोर्चा कशासाठी, तर वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणात अळ्या निघाल्या म्हणून. म्हणजे खुमानच्याच ताटासाठी. तोंडातून नुसती हवा येत होती. नाना म्हणाले, “आज वाचणार कोण मग?” आणि तेवढ्यात दारात खुमान उभा. गावाहून आला तो थेट आमच्याकडेच, हातात मायसाठी मधाची बाटली. “मी वाचतो नाना,” तो म्हणाला आणि माझी वही घेऊन मांडी घालून बसला. मी चुलीपाशी होते. मी म्हणायला हवं होतं की राहू दे, उद्या वाचू. आवाज बसला होता, हे निमित्त मी त्या दिवशी पुरेपूर वापरलं.

त्याने वाचायला सुरुवात केली. माझ्यापेक्षा छान वाचायचा तो. सावकाश, प्रत्येक चिन्हाला त्याचा मान देत. तलवारबाज झाला, मांत्रिक झाला, वैदू झाला. “नवं पान. पेशा चौथा अपूर्णविराम रानझुंजार पूर्णविराम.” त्याचा आवाज बदलला. लहान मूल वर्गात आपलं नाव पुकारल्यावर ताठ बसतं तसा तो ताठ बसला. “शक्ती एक अपूर्णविराम पाखरांच्या गप्प होण्यावरून धोका ओळखणे पूर्णविराम.” एकेक शक्ती वाचताना तो मधूनच माझ्याकडे बघायचा. झिऱ्याच्या नियमाला त्याने दंडक मोडला. “नाना, हे माझ्या बापाचं आहे. आकडासुद्धा बापाचाच आहे.” नाना म्हणाले, “छान. पुढे.” अकरा झाल्या. “उणीव अपूर्णविराम,” तो म्हणाला, “रानझुंजाराला लिहिता-वाचता येत नाही पूर्णविराम.”

नानांची पेन्सिल थांबली. खुमान थांबला नाही. त्याच चालीत, त्याच आवाजात त्याने पुढचं वाचलं. “सापडलेला मजकूर त्याने सोबत्याच्या हवाली करावा पूर्णविराम. संपलं.” मग त्याने वही मिटली, तिच्यावर तळहात फिरवला आणि ती माझ्यासमोर ठेवली. “अक्षर चांगलं आहे तुझं,” एवढंच म्हणाला. माय परातीतून मान वर करून म्हणाली, “बस रे पोऱ्या, भरीत व्हयी गयं.” तो म्हणाला, “नको माय, गाडीत खाल्लं.” मधाची बाटली चुलीपाशी ठेवून तो गेला.

नाना बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. खिळे त्यांनीच जुळवले होते. पण जुळवणारा माणूस अक्षरं बघतो, मजकूर त्याच्या बोटांतून निघून जातो. “हा नियम कोणाचा?” त्यांनी विचारलं. मी बोटाने स्वतःकडे दाखवलं. “काढू?” ते म्हणाले. “दोन ओळी आहेत. पान पुन्हा बांधायला मला तासभर लागेल. खाली तुझं नाव आहे, म्हणून विचारतो. मालकाचा मजकूर असता तर विचारलं नसतं.” मला शिरीष दिसला. त्याला काय सांगणार, की घरी जाऊन मी पत्रक आणलंच? मी घसा खरवडून म्हटलं, “राहू द्या. तोल जाईल खेळाचा.” नानांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि पान गुंडाळलं. ज्या माणसाने मला आयुष्यभर तोंड उघडायला शिकवलं तो त्या दिवशी यापुढे एक शब्द बोलला नाही. बोलले असते तर मी ऐकलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मी भांडले असते आणि जिंकले असते.

धुळ्याला खुमान येईल असं मला वाटलं नव्हतं. पण त्याने शब्द दिला होता, म्हणून तो पहाटेच्या एसटीला हजर होता. खिडकीशी बसला आणि एरंडोल, पारोळा असं सगळं बाहेर बघत आला. कॉलेजच्या एका वर्गात बाकं जोडून आम्हाला जागा दिली होती. भोवती साठ-सत्तर मुलं, समोर तीन परीक्षक. गोष्ट सांगणारा शिरीष. किरण मांत्रिक, मी वैदू, खुमान रानझुंजार. पहिला अर्धा तास सुरेख गेला. मुलं पुढे सरकून ऐकत होती. मग शिरीषने चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला एक कागद खुमानच्या हातात दिला. “गुहेत रानझुंजाराला ताम्रपट सापडतो,” तो म्हणाला. “पण त्याच्यासाठी ती अक्षरं म्हणजे नुसत्या किड्यामुंग्या.” मुलं हसली. वाईट हसली नाहीत, गोष्टीतल्या गमतीला हसतात तशी हसली.

खुमानने कागद घडी करून खिशात ठेवला. “मी तो कमरेला खोचतो,” म्हणाला, “आणि रानात चालू लागतो.”

“एकटाच?”

“एकटाच. मागे खूण ठेवत नाही. सातवी शक्ती.”

“अरे भो, आम्ही काय करायचं मग?” किरण म्हणाला. “आम्हाला वाट कुठं माहीत आहे?”

“नाही ना माहीत,” खुमान म्हणाला.

शिरीषने पानं उलटली, पुन्हा सुलटी केली. नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं की रानझुंजाराने सोबत्यांबरोबर राहिलंच पाहिजे; आम्हाला ते लिहावंसं वाटलंच नव्हतं. परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. खेळ आमच्या हातातून चालला होता. माझं नाव त्या पुस्तिकेवर होतं आणि सगळं कॉलेज बघत होतं. आणि मी, जिचा आवाज आता चांगला मोकळा झाला होता, मी म्हटलं, “खुमान, नियमाप्रमाणे खेळ. मजकूर सोबत्याच्या हवाली कर.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. हिशेब चुकला की माणूस पुन्हा एकदा आकडे तपासतो तसं त्याने पाहिलं. मग खिशातून कागद काढला आणि किरणपुढे धरला. “घ्या मालक,” म्हणाला, “वाचून दाखवा. आम्हाला काय कळतंय?” वर्ग हसला, टाळ्या पडल्या, ताण गेला. त्यानंतर त्याने एकही चूक केली नाही. झिरा शोधला, वाघाची चाहूल दिली, सगळ्यांना किल्ल्यापर्यंत सुखरूप नेलं आणि दारात बाजूला उभा राहिला. पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. मधल्या परीक्षकांनी भाषणात खुमानचं खास कौतुक केलं. म्हणाले, “त्या रानातल्या अडाणी माणसाचं सोंग या मुलाने इतकं हुबेहूब वठवलं, की क्षणभर मला तो खरोखरच तसा वाटला.” मीही टाळ्या वाजवल्या. हात थांबवले असते तर सगळ्यांना दिसलं असतं.

बसस्थानकावर तो आमच्याबरोबर जळगावच्या फलाटाकडे आला नाही. शिरपूरच्या गाडीकडे वळला. मी धावत त्याच्या मागे गेले. “घरी कशाला चाललास? परवा प्रॅक्टिकल आहे,” मी म्हटलं.

“येईन परवा,” तो म्हणाला. “वसतिगृहावर.”

“खुमान, तो नियम... खेळ आहे रे तो. प्रत्येकाला एक उणीव द्यायचीच होती.”

“मला त्या ओळीचा राग नाही आला,” तो म्हणाला. “माझ्या बापाला येतच नाही वाचता. आजीला येत नाही. खरंच आहे ते. पण तू ते का लिहिलंस ते किरणने मला सांगितलं. तुझा माणूस फार भारी झाला होता. बाकीच्यांना अडचण व्हायला लागली, म्हणून त्याची अक्षरं काढून घेतली. तेही बरोबरच लिहिलंस तू. असंच झालंय आमचं. मला एवढंच कळलं नव्हतं, की लिहिताना तू कुठल्या बाजूला बसली होतीस.”

मी काहीतरी बोलत होते. पुढच्या छपाईत काढून टाकू, मी शिरीषशी बोलते, असलं काहीतरी. त्याने ऐकून घेतलं. गाडी लागली तशी माणसं दाराकडे धावली, तो मात्र तिथेच उभा राहिला.

“एक करशील?” त्याने विचारलं. “ते अकरा परत दे.”

“म्हणजे?”

“बापाचा झिरा, आजीची पाखरं, चुलत्याचं चालणं. ते मी हौसेने दिलं होतं तुला. आता परत पाहिजे.”

“ते कसं परत देणार? छापलं गेलं ना. पुस्तिका वाटल्या आपण सगळ्यांना.”

“हो ना,” तो म्हणाला. आणि गाडीत चढला.

तो पुन्हा आमच्या घरी आला नाही. वर्गात भेटला की बोलायचा, वह्या द्यायचा, परीक्षेनंतर गावाकडे शिक्षक झाला असं किरणकडून कळलं. माय कित्येक महिने रविवारी दोन भाकरी जास्त टाकायची आणि विचारायची, “तो पोऱ्या आते का बरं येत नही?” मी सांगायचे, अभ्यास असतो त्याला. पुस्तिकेची दुसरी छपाई कधी निघाली नाही. महोत्सवात वाटलेल्या प्रती कुणाकुणाच्या घरी असतील, तर रानझुंजाराला अजूनही वाचता येत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जळगावच्या गाडीत मागच्या लांब बाकावर बसलो. शिरीषच्या मांडीवर बक्षिसाची ढाल होती आणि येणारीजाणारी माणसं ती कशाची म्हणून विचारत होती. शिरीष सगळ्यांना सांगत होता, “हिने बनवलाय तो रानातला योद्धा, हिने.” किरणने गाणं धरलं, शिरीषने बाकावर ठेका. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. “काय गं, आता कशाचं पत्रक?” शिरीषने प्रेमाने विचारलं. पारोळ्याला गाडी थांबली, शेंगदाणेवाला चढला, उतरला, गाडी पुन्हा निघाली. किरणने दुसरं गाणं सुरू केलं. ते मला येत होतं. मीही गायला लागले.